तापीवरची तार

पहाटे ४:५०
भुसावळचा ओएचई डेपो. मे महिना. या वेळेला अंगात शर्ट असल्याचं जाणवत नाही. नऊनंतर तो पाठीला चिकटतो. दाराशी चार सायकली, दोन मोटरसायकली. आत फळ्यावर खडूने लिहिलंय: तापी पूल, डाउन लाइन, ब्लॉक ७:३० ते ९:३०. ब्लॉक म्हणजे गाड्या थांबवून, वीज बंद करून कामाला दिलेला वेळ. खाली कामांची यादी. इन्सुलेटर पुसणे, ड्रॉपर १ बदलणे, घरटं काढणे, तारेची जाडी मोजणे. ओएचई म्हणजे रुळांवरची ती तार आणि तिला धरून ठेवणारं सगळं लटांबर. ती सांभाळणारी माणसं नऊ. एक इंजिनीअर, त्यांना सगळे साहेब म्हणतात. एक जुने टेक्निशियन, ते अण्णा. दुसरा तरुण टेक्निशियन, तीन हेल्पर, टॉवर वॅगनचा ड्रायव्हर, आणि ठेकेदाराची दोन पोरं.

पहाटे ५:१०
सामान मोजून काढायचं. डिस्चार्ज रॉड चार. दोर दोन. सेफ्टी बेल्ट सहा, हेल्मेट नऊ आणि माझ्यासाठी एक जादा. पाने, पक्कड, मायक्रोमीटर, तारेला ताण देणारा पुल-लिफ्ट. सुती फडक्यांचं गाठोडं. पाण्याचे वीस लिटरचे तीन जार, त्यातला एक प्यायचा. प्रत्येक वस्तूसमोर वहीत टिचकी. परत आल्यावर तीच वही, त्याच टिचक्या. वर विसरलेला एक पाना पुढच्या इंजिनाच्या पेंटोग्राफला, म्हणजे छपरावरून तारेला टेकणाऱ्या सांगाड्याला, सापडला की तार तुटते, पेंटो मोडतो आणि मागे दहा गाड्या उभ्या राहतात. म्हणून मोजणी घाईतही होते. अण्णा पुटपुटत मोजतात, पैसे मोजल्यासारखे.

पहाटे ५:४०
स्टेशनाबाहेर चहा. १० रुपये. पोहे २५. आज पैसे द्यायची पाळी तरुण टेक्निशियनची. नऊ चहा, चार पोहे, १९० रुपये. माझे पैसे कुणी घेत नाही.

पगाराचं बोलणं चहाबरोबरच निघतं. हेल्पर लागतो तेव्हा मूळ पगार १८,००० रुपये, वर महागाई भत्ता. अण्णा नोव्हेंबरात निवृत्त होतील. ते जुन्या पेन्शनचे. २००४ नंतर लागलेले बाकीचे नव्या योजनेतले. त्यावरून थट्टा चालते, पण ती लवकर थांबते. ठेकेदाराच्या पोरांपैकी एक यावल तालुक्यातला, विशीचा. हातात रोज साडेपाचशे पडतात म्हणतो. केळीच्या कटाईला गेला तर सातशे सुटतात. "पण ते काम रोज नसतं. इथे महिना तरी भरतो."

सकाळी ६:१५
टॉवर वॅगन सुरू होते. पिवळी गाडी, छपरावर वर-खाली होणारा प्लॅटफॉर्म, पोटात डिझेल इंजिन. विजेची तार सांभाळणारी ही गाडी त्या विजेवर चालू शकत नाही. तार बंद केल्यावरच तिचं काम सुरू होतं, म्हणून तिला स्वतःचं इंधन लागतं.

यार्डातून बाहेर पडायला पाऊण तास. सिग्नल मिळत नाही. उजवीकडे कोळशाचा भरलेला रेक, डावीकडे रिकाम्या वाघिणी, पलीकडे कंटेनर. लाइनीमागे लाइनी. कोळशाच्या उघड्या वाघिणींचा एक बॉक्सएन रेक ५८ वाघिणींचा, सव्वासहाशे मीटर लांब, भरला की साडेचार हजार टनांच्या वर. असा रेक यार्डात घ्यायचा तर एक अख्खी लाइन मोकळी पाहिजे. ती नसेल तर तो बाहेर उभा. हे लक्षात ठेवायचं. पुढे लागणार आहे.

सकाळी ७:०५
पुलाच्या अलीकडे गाडी थांबते. खाली तापी. मे महिन्यात नदी म्हणजे मधोमध एक हिरवट धार आणि दोन्हीकडे खडक, वाळू. वर हतनूर धरण आहे. पावसाळ्यात त्याचे ४१ दरवाजे उघडले की हीच धार काठांना लागते. पलीकडे उत्तरेला केळीच्या बागा. सावदा, निंभोरा, रावेर, मग बऱ्हाणपूर, खंडवा, इटारसी.

पुलाआधीच्या एका खांबाला लोखंडी वजनं टांगलेली आहेत, एकावर एक रचलेली. साहेब त्यांच्याकडे बोट करतात. इंजिन ज्या तारेला घासत जातं ती आणि तिला वरून तोलणारी दुसरी, अशा दोन तारांना मिळून २,००० किलोचा ताण लागतो. मधे तीन पुल्या आहेत, म्हणून वजन त्याच्या तिसऱ्या हिश्शाचं, ६६५ किलो. थंडीत तांबं आखडतं, वजन वर चढतं. उन्हात पसरतं, वजन खाली उतरतं. जानेवारीची पहाट आणि मेची दुपार यांत हे वजन पुरुषभर वर-खाली होतं. खांबाला पट्टी लावलीय. हेल्पर तापमान बघतो, पट्टीवरचा आकडा बघतो, वहीत लिहितो. आज वजन हवं तिथेच आहे. हे काम ब्लॉकशिवाय होतं, म्हणून आधीच उरकून घेतलं.

सकाळी ७:३०
ब्लॉकची वेळ झाली. ब्लॉक नाही.

साहेब फोनवर. गाड्या सोडणाऱ्या कंट्रोल रूमचं म्हणणं, दोन गाड्या पुढे काढायच्यात. मग ७:५०. मग अजून एक मालगाडी. सगळे गाडीच्या सावलीत बसतात. सावली रुंदीने दोन हात.

यावलचं पोरगं अण्णांना विचारतं, "अण्णा, पुलावर ना स्टेशन, ना फाटक, ना दिवा. तार कशाला एवढी ओढत नेली? इंजिन जोरात असतं. दोन मिनिटं बिनविजेचं गेलं तर काय बिघडतं?"

प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. पुलावर तार नेणं खरंच जिकिरीचं असतं. जमिनीवर खड्डा खणला, काँक्रीट ओतलं, खांब उभा केला. दोन खांबांमधलं अंतर जास्तीत जास्त ७२ मीटर, हिशेब तारेच्या सोयीने. नदीत हे चालत नाही. खांबाला पुलाच्या पिलरवर जागा शोधायची, नाहीतर गर्डरलाच तार लोंबवायची. अंतर तिथे पूल ठरवतो. गाडी गेली की पूल थरथरतो आणि त्याबरोबर बोल्ट ढिले होतात. वारा मोकळा लागतो. वर चढून काम करायचं तर खाली जमीन नाही. एवढ्या सगळ्याचा खर्च फक्त पलीकडे जाण्यासाठी.

अण्णा लगेच उत्तर देत नाहीत. तंबाखू मळतात. मग वडिलांची गोष्ट काढतात.

वडील लोको शेडला होते. मुंबईत विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली, व्हीटी ते कुर्ला. १९३० पर्यंत तार घाट चढून इगतपुरीला आली, आणि तिथेच थांबली. पुढे भुसावळपर्यंत यायला तिला साठीच्या दशकाची अखेर उजाडली, तीही वेगळ्या दाबाची, २५,००० व्होल्टची. भुसावळला येऊन परत थांबली. इटारसीकडे जायला आणखी बरीच वर्षं.

"तेव्हा काय होये," अण्णा सांगतात, "मुंबईकडून इलेक्ट्रिक इंजिन ये, इथं सुटे. मंग डिझेल लागे. कपलिंग सोड, इंजिन काढ, दुसरं आण, जोड. व्हॅक्यूम भर. ब्रेक तपास. अर्धा-पाऊण तास गेला समज. आन् ती लाइन तेवढा वेळ अडकली. मागचा रेक बाहेर उभा. त्याच्या मागचा त्याच्याही मागं."

"पण ते झालं स्टेशनाचं. पुलाचं काय?"

"तेच तर. तार पुलाच्या अलीकडं संपली असती तर डिझेल लागलंच असतं ना. मंग इटारसीपर्यंत तार टाकून उपयोग काय?"

पोराचं समाधान झालेलं दिसत नाही. त्याचा मुद्दा वेगळा आहे: इंजिन न बदलता, वेगाच्या जोरावर पूल ओलांडायचा. आणि रेल्वे असं करतेच. दर काही अंतरावर वीज वेगवेगळ्या सबस्टेशनांतून येते. जिथे दोन पुरवठे भेटतात तिथे तारेचा एक छोटा तुकडा मुद्दाम मुका ठेवलेला असतो. त्याला न्यूट्रल सेक्शन म्हणतात. ५०० मीटर आधी पाटी, २५० मीटर आधी पाटी. ड्रायव्हर वीज तोडतो, गाडी वेगावर निघून जाते, पुढे वीज परत घेतो. अण्णा हे कबूल करतात. मग एवढंच म्हणतात, "आज बघ तू. ब्लॉक सुटल्यावर बघ."

सकाळी ८:००
एक एक्स्प्रेस पुलावरून जाते. आपण रुळापासून लांब, तरी पायाखाली माती हलते. १९१२ मध्ये सुरू झालेली पंजाब मेलही याच वाटेने जाते. तिच्यापुढे वाफेचं इंजिन होतं, डिझेल होतं, आता विजेचं आहे. पूल दर वेळी नव्या इंजिनाचं वजन सोसायला शिकला. वर तारेची भर तेवढी पडली.

जगात दुसरीकडेही यार्डाने तारेला नदीपार ओढलंय. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया रेल्वेने १९३८ मध्ये तार सस्कहाना नदी ओलांडून इनोलाच्या मालगाड्यांच्या यार्डापर्यंत नेली. तिथल्या मालगाड्यांनी १९८१ मध्ये वीज सोडली आणि त्या डिझेलवर गेल्या. भुसावळला कुणाला हे सांगितलं तर हसतील. इथे डिझेल इंजिन दिसलं की पोरं मोबाइल काढतात.

सकाळी ८:१८
फोन येतो. ब्लॉक मिळाला, पण दोन तासांचा नाही. ८:२० ते ९:३०. सत्तर मिनिटं.

आता कुणी कुणाशी फालतू बोलत नाही. साहेब फोनवर लाइनीचं नाव, हद्द, वेळ स्पष्ट उच्चारतात. पलीकडचा माणूस तेच परत म्हणतो. भुसावळमधल्याच एका खोलीतून स्विच उघडले जातात. तार मेल्याचा निरोप येतो, त्याबरोबर एक गुप्त नंबर. साहेब तो लिहून घेतात, आपला नंबर देतात. परमिट झालं.

तरी तारेला हात लावायचा नाही. शेजारची अप लाइन चालू आहे, आणि तिच्यामुळे या मेलेल्या तारेतही इंडक्शनने वीज उतरते. जीव घेण्याइतकी. म्हणून डिस्चार्ज रॉड. आधी चिमटा रुळाला घट्ट, मग लांब काठीचा आकडा वर तारेला. क्रम चुकवायचा नाही. आकडा लागताना बारीक तडतड ऐकू येते. पुलाच्या या टोकाला एक, त्या टोकाला एक. या दोन काठ्यांच्या मधे जेवढी तार आहे तेवढीच सुरक्षित. काठीच्या पलीकडे एक पाऊलही नाही.

सकाळी ८:३१
अकरा मिनिटं संपली. टॉवर वॅगन पुलावर. प्लॅटफॉर्म वर जातो. वर अण्णा, तरुण टेक्निशियन, दोन हेल्पर. बेल्ट अडकवलेले. तिसरा हेल्पर खाली शिट्टी आणि झेंडे घेऊन उभा. अप लाइनवर गाडी येताना दिसली की शिट्टी.

पहिलं काम इन्सुलेटर. तपकिरी चिनी मातीच्या चकत्या, एकीला एक जोडलेल्या. एका टोकाला तार, दुसऱ्या टोकाला खांब. वीज खांबात उतरू नये एवढंच त्यांचं काम. त्यांच्यावर कोळशाची धूळ बसते, ब्रेकचा लोखंडी भुगा बसतो, पक्षी बसतात. कोरडी धूळ काही करत नाही. पण वळवाचे पहिले चार थेंब पडले की त्या ओल्या थरावरून वीज चालते, मोठा आवाज होतो आणि लाइन ट्रिप होते. जोराचा पाऊस झाला असता तर तोच धुऊन गेला असता. घात करतो तो थोडका पाऊस. म्हणून वळवाच्या आधी हा हात फिरवायचा.

ओलं फडकं, मग कोरडं. प्रत्येक चकतीच्या खालच्या खाचेत बोट घालून. फडकं एका खांबाला काळं होतं. तडा आहे का ते नखाने बघायचं. हेल्पर एकाला सहा-सात मिनिटं लावतो. घाई करू नको असं त्याला कुणी म्हणत नाही, घाई कर असंही नाही.

सकाळी ८:५२
घरटं. कावळ्याचं, रिकामं. उन्हाळ्यात कावळ्यांना खांबाच्या आडव्या नळीचा कोपरा फार आवडतो. घरट्यात काटक्या कमी, माल जास्त: बांधकामाची तार, सुतळी, केळीचं वाळलं सोपट, ठिबकच्या नळीचा काळा तुकडा. जळगाव जिल्ह्यातलं घरटं आहे हे सांगायला नको. यातली एक तार लोंबली आणि चालू भागाला टेकली की लाइन बंद. हेल्पर सगळं गोणीत भरतो. नदीत टाकत नाही, कारण वाऱ्याने तेच परत वर येतं.

शिट्टी. अप लाइनवर मालगाडी. खालचे आम्ही पुलाच्या कडेला काढलेल्या लोखंडी चौकटीत सरकतो. दोन माणसं मावतील एवढी जागा, तिघं उभे. वाघिणी मोजायचा प्रयत्न करतो. धडधडीत आकडा हरवतो. वरचे चौघे हात थांबवून प्लॅटफॉर्मच्या कठड्याला धरून आहेत. ती गाडी जाईपर्यंत दोन-अडीच मिनिटं गेली. सत्तरातून तीही वजा.

सकाळी ९:०३
ड्रॉपर. वरच्या तारेपासून खालची तार ज्या उभ्या बारीक तारांनी टांगलेली असते त्यांतला एक तुटलाय. तो नसेल तर खालची तार तेवढ्यापुरती झोळते, पेंटो तिथे उसळतो, ठिणगी पडते, तांबं झिजतं. नवा ड्रॉपर डेपोतच मापाने कापून आणलाय. अण्णा जुना सोडवतात. क्लिपचा बोल्ट उन्हाने आणि काळाने घट्ट बसलाय. पाना, मग दुसरा पाना, मग शिवी. सुटतो.

नवा बसतो तोवर तरुण टेक्निशियन मायक्रोमीटर लावतो. नव्या तारेची जाडी १२.२४ मिलिमीटर. ८.२५ ला पोचली की तार काढून टाकायची. इथे १०.९, तिथे १०.७. एका ठिकाणी १०.४. तिथे तो दोनदा मोजतो. खालून साहेब विचारतात, वरून आकडा, वहीत नोंद. तार अजून बरीच वर्षं चालेल. ती रुळाच्या मधोमध सरळ जात नाही. कधी डावीकडे २० सेंटिमीटर, कधी उजवीकडे. सरळ गेली असती तर इंजिनावरच्या कार्बनच्या पट्टीला एकाच जागी खाच पडली असती.

सकाळी ९:१७
यादीतलं सगळं होणार नाही हे आता सगळ्यांना माहीत आहे. तीन खांबांचे इन्सुलेटर राहिले. साहेब घड्याळ बघतात आणि वर हात करतात. उतरा. अण्णा एक खांब तरी घेऊ म्हणतात. साहेब मान हलवतात. उशीर झाला तर ब्लॉक "फुटला" म्हणून नोंद होते आणि पुढचा मागताना ती नोंद आधी दिसते.

सकाळी ९:२४
माणसं मोजली. नऊ. पाने मोजले. आता आकडा आधी, चिमटा मागून. दोन्ही काठ्या निघाल्या. टॉवर वॅगन पुलाबाहेर. साहेब फोनवर: माणसं हटली, सामान हटलं, डिस्चार्ज रॉड काढले. नंबर दिला, नंबर घेतला. ९:२९. तारेत वीज आली. दिसत काहीच नाही. पण मघाशी जिच्यावर फडकं फिरत होतं तिच्यापासून आता दोन मीटर लांब राहायचं.

सकाळी ९:४६
खंडव्याकडे जायची ही डाउन लाइन मोकळी होते आणि यार्डात खोळंबलेला भरलेला रेक निघतो. अण्णा पोराला खांद्याला धरून रुळाकडे वळवतात. गाडी येते, पण ज्याला वेग म्हणावं तसं काही नाही. साडेचार हजार टन यार्डातून नुकते सुटलेत. इंजिन ६,००० अश्वशक्तीचं, तरी सायकलवाला बरोबरीने जाईल. पुलाच्या तोंडाशी येऊन ते थांबतं. पुढचा सिग्नल लाल. पुढची गाडी अजून सेक्शनमध्ये असणार. मागे सव्वासहाशे मीटर वाघिणी.

"आता सांग," अण्णा म्हणतात. "कोणत्या जोरावर जाईल?"

पोरगं तारेकडे बघतं, इंजिनाकडे बघतं. भर रानात, १०० च्या वेगात, मुका तुकडा चालतो. यार्डाच्या दाराशी गाडी कधी, कुठे थांबेल याचा नेम नाही. जाणारी अशी थांबते, येणारीला आत लाइन नसते म्हणून ती थांबते. थांबली तिथून तिला उठायचंय, आणि उठायला जेवढा जोर लागतो तेवढा पळायलाही लागत नाही.

सहा मिनिटांनी सिग्नल पिवळा. इंजिनाचे ब्लोअर घोंघावतात. कपलिंगा एकामागोमाग ताणल्याचा खडखडाट मागे मागे जात राहतो. पहिली वाघीण पुलावर चढते. नवा ड्रॉपर ज्या जागी बसवला तिथून पेंटो ठिणगी न पाडता जातो. तरुण टेक्निशियन तेवढंच बघत होता. पुढच्या क्षणी तो सामान भरायला वळला.

सकाळी ११:४०
डेपोमागच्या कडुनिंबाखाली डबे. ४३ अंश, दुपारी अजून वाढेल. दादर ज्वारीची भाकरी, ठेचा, कांदा, कैरीची चटणी, एकाच्या डब्यात शेवभाजी. ती सगळ्यांची होते. ठेकेदाराच्या पोरांचे डबे वेगळे बसत नाहीत. पोराने हातमोजे काढलेत. दोन बोटांना भोक. हे मोजे त्याने स्वतः घेतले, ८० रुपयांना. महिन्याला एक जोडी जाते.

दुपारी २:१०
वहीचं काम. जाडीचे आकडे, वजनाची पट्टी, राहिलेले तीन खांब. तुटलेला ड्रॉपर तांब्याचा, म्हणून तो वजनकाट्यावर ठेवून भंगारात जमा. वजन फारसं भरत नाही, पण नोंद होते, सही होते. तांब्याला इथे कुणी किरकोळ समजत नाही.

एक हेल्पर प्रवास भत्त्याचं विचारतो. मुख्यालयापासून आठ किलोमीटरच्या आत काम असेल तर भत्ता नाही. पूल आठच्या आत. त्याला हे माहीत आहे, दर वेळी विचारतो. साहेब दर वेळी तेच सांगतात.

दुपारी ३:३०
उरलेल्या तीन खांबांसाठी नवा ब्लॉक मागितलाय. कंट्रोलकडून निरोप: परवा, पहाटे ३:४० ते ४:४०. अंधारातला. हेडलॅम्प चार लागतील, चालू स्थितीत तीन आहेत. अण्णा फळ्यावरची जुनी ओळ पुसून नवी लिहितात. तरुण टेक्निशियन चौथा दिवा उघडून टेबलावर बसलाय. बॅटरीचा स्प्रिंग गंजलाय. बाजारात नवा ४० रुपयांना मिळतो, पण टेक्निशियन आधी पॉलिशपेपर मागतो.